सीलबंद खोक्यातलं कुंकू

ती घटना आठवली की आजही मला आधी राग येतो आणि मग हसू. माझी शेवटची नेमणूक राहात्याला होती. लॅपटॉप ऑनलाइन विकणारा तिथलाच एक व्यापारी तक्रार अर्ज घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आला. जामखेडकडच्या एका मुलीने अस्सल लॅपटॉप ठेवून घेतला आणि नकली परत पाठवला, असं त्याचं म्हणणं. परत आलेला लॅपटॉप त्याने टेबलावर ठेवला. तो नकली होता, यात वाद नव्हता. अदलाबदल कुणी केली, एवढाच प्रश्न होता.

मुलगी आईला घेऊन चौकशीला आली. खोक्यातून नकलीच निघाला म्हणून परत पाठवला आणि पैसे मागितले, असं तिचं म्हणणं. तिची तलाठी म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी बाकी होती. गुन्हा नोंदवला असता तर नेमणूक लटकली असती. पोर सारखी डोळे पुसत होती, आई मात्र ताठ बसलेली. खोकं उघडल्यावर काय काय केलं, असं मी विचारलं. खोटं बोलणारा मोठ्या गोष्टी पाठ करून येतो आणि बारीकसारीक विचारलं की अडखळतो, म्हणून माझी सुरुवात नेहमी तिथून असे.

"काय करनार? पूजा केली," बाई म्हणाल्या. "हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडला. पुजल्याबिगर मशीन कुनी वापरतं व्हय? माझी पोरगी चोर न्हाई, साहेब."

मी लॅपटॉप उघडून पाहिला. बिजागरीच्या फटीत कुंकू होतं. बदलून परत पाठवायच्या नकली वस्तूला कोण नारळ फोडेल? माझी खात्री पटली, पण नुसत्या खात्रीवर कोर्टात काही टिकत नाही.

मग व्यापाऱ्याचा जबाब घेतला. दिल्लीहून माल सीलबंद येतो, आपण सील कधीच फोडत नाही, असं तो छातीठोकपणे सांगत होता. मी मान डोलवत सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि सही घेतली. बढाई मारणाऱ्याला मध्येच थांबवू नये.

तिथून पंचांना घेऊन थेट त्याच्या गोडाऊनवर गेलो. पाठवायला तयार ठेवलेली सीलबंद खोकी पंचांनीच निवडून फोडली. एका कोऱ्या करकरीत दिसणाऱ्या लॅपटॉपच्या फटीत कुंकू निघालं आणि त्याला चिकटलेला तांदळाचा दाणाही.

"दिल्लीचे लोक अक्षता टाकून माल पाठवतात का?" मी विचारलं.

तो खुर्चीत बसला आणि सगळं ओकला. नकली माल परत आला की वरून पुसायचा, नवं सील लावून दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा. कुणी फारच भांडलं की उलट त्याच्यावरच आळ घ्यायचा. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरही दसऱ्याचं कुंकू तसंच होतं. मशीनवर कुंकू पाहायची सवय त्याच्या नजरेला इतकी, की ते पुसायचं राहिलंय हे त्याला दिसलंच नाही.

गुन्हा दाखल झाला, पण त्या व्यापाऱ्यावर. तपासात मी आयुष्यभर वेगळं काहीतरी शोधत आलो. घरोघरी जे रोज घडतं तेच आधी विचारावं, हे मला या प्रकरणाने शिकवलं. पुढे मायलेकी पेढे घेऊन ठाण्यात आल्या. मुलीला नेमणूक मिळाली होती आणि तिच्या पिशवीत नवा लॅपटॉप होता. आईने तो माझ्यापुढे उघडून धरला.

"ह्याला बी कुंकू लावलंय, साहेब," त्या म्हणाल्या. "लावलंय ते आतल्या फटीतच."