शामुवेलमामांना परत घेण्याची सभा

“देवानं माफ केलं म्हणता, मग मला मागच्या बाकावर का म्हणून बसवता, मास्तर?”

शामुवेलमामांनी हे विचारलं तेव्हा आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. उपवासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे पश्चात्तापाचे आठवडे, नुकताच सुरू झाला होता. “पाळकसाहेबांना विचारून सांगतो,” एवढंच म्हणालो.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शिकता शिकता शिरूर कासारच्या बाजूच्या एका गावात प्रचारकाचं काम करायचो. प्रचारक म्हणजे पाळकाच्या, चर्चच्या धर्मगुरूच्या, हाताखालचा माणूस. घरोघर जायचं, प्रार्थना घ्यायची, आजाऱ्याजवळ बसायचं. लोक मास्तर म्हणायचे, त्याचा मला संकोच वाटायचा.

शामुवेलमामा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. आदल्या सीझनला ते पिऊन गाडी चालवत होते. भरलेल्या ट्रॉलीवर आमच्याच मंडळीतला, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती घरांतला, दाविद बसला होता. वळणावर ट्रॉली उलटली. दाविद उसाखाली सापडून गेला. पोलिसांचं प्रकरण टोळीच्या मुकादमानं कारखान्याकडंच मिटवलं.

मंडळीनं मामांना शिस्तीखाली ठेवलं. शिस्त म्हणजे काय, तर मोठं पाप केलेल्याला प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी चर्चमध्ये वाटतात ती, भाकर मिळत नाही आणि त्यानं मागं बसायचं. परत यायचं तर दारू सोडायची, सगळ्यांसमोर उभं राहून कबुली द्यायची. मग पाळक विचारतात, आणि मंडळी हात वर करून त्याला आत घेते.

त्या वर्षी निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं होतं. मामांना कोणी गाडीवर घेत नव्हतं. दाविदची बायको मार्था, तीही मागंच राहिली होती. तोडीच्या कामात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटी बाई अर्धा कोयता, तिला कोण नेणार? म्हणून रिकाम्या गावात ही दोघं. एकाच हापशावर पाणी भरायची. एक आलं की दुसरं घागर तशीच ठेवून घरी जायचं.

मामांनी दारू सोडली. उलट्या व्हायच्या. मी रोज जायचो, बायबल वाचून दाखवायचो. ते ऐकायचे आणि म्हणायचे, “मला भाकर द्या बस. बाकी काय नगं.”

मी शिरूरच्या एस.टी.डी. बूथवरून पाळकसाहेबांना फोन लावला. “साहेब, मार्थावहिनींना आधी विचारायचं का?”

“मंडळीला विचारायचं आहे ना? त्यात ती आली. प्रोसिजर आहे तशी होऊ दे.”

तरी मला राहवलं नाही. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, सभा होती. शनिवारी मी वहिनींकडे गेलो. त्या ज्वारी पाखडत होत्या.

“वहिनी, उद्या मामांचं ठरणार. देव पश्चात्ताप करणाऱ्याला…”

“देवानं केलं असंल माफ. देवाचा नवरा मेलाय का?”

मी चाचरत म्हणालो, “त्याचा मुलगा मेला, वहिनी. आपल्यासाठी.”

“तो तिसऱ्या दिवशी उठला,” त्या म्हणाल्या. सूप थांबलं नाही. “माझा न्हाई उठला.”

मी उठून आलो.

रविवारी मामा पुढं उभे राहिले. धुतलेला सदरा, गुंडी गळ्यापर्यंत लावलेली. “दाविद माझ्यामुळं मेला. मी लई पिलतो. त्यानं हाळी दिलती, सावकाश घे म्हणून.”

पाळकसाहेब म्हणाले, “जे याला प्रभूच्या मेजाजवळ परत घेतात, त्यांनी हात वर करावेत.”

एकही हात वर झाला नाही. सगळे मार्थावहिनींकडे बघत होते. म्हाताऱ्या माना वळवून बघत होत्या. पाळकसाहेबही बघत होते. मीही बघत होतो. शेवटी वहिनींनी हात वर केला. मग भराभर सगळ्यांचे झाले. पाळकसाहेब मोठ्यानं “आमेन” म्हणाले. काही बाया रडल्या. मलाही वाटलं, जमलं.

गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन होतं. वहिनी आल्या नाहीत. मामा गुडघे टेकून बसले होते. भाकरीची थाळी त्यांच्यासमोर आली. त्यांनी ती शेजाऱ्याकडे सरकवली आणि उठून बाहेर गेले.

मी मागोमाग गेलो. “मामा, अहो यासाठीच तर एवढं केलं.”

“तिचा हात बघितला का तुमी? मी समोरच उभा होतो, मास्तर. तिनं वर केला न्हाई. तुमी सगळ्यांनी डोळ्यानं वर ओढला. ती माफी मी कशी खाऊ?”

“पण देवाची क्षमा तर खरी आहे ना?”

“आसंल. पर तिथवर जायची वाट तिच्या दारावरनं जाती, आन् ती मला अजून गावली न्हाई.”

ईस्टरनंतर मामा पुन्हा पिऊ लागले. वहिनी आपल्या लहान मुलीला घेऊन नांदूरघाटला माहेरी गेल्या. तिथंही त्या चर्चमध्ये जात नाहीत, असं ऐकलं. पाळकसाहेब म्हणाले, प्रोसिजर बरोबर झाली होती. झाली होतीच.

देव पाप्याला क्षमा करतो, हे मी आजही दर उपवासकाळात सांगतो. मानतोही. फक्त शिस्तीचं काम आलं की आता आधी ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी जातो, आणि काही मागत नाही. बहुतेक वेळा घरातली माणसं आपापलं काम करत राहतात. मग उठून येतो.