झाडांना उंचीचा नियम नाही

माझे दोघे भाऊ शेजारी शेजारी राहतात. थोरल्याचं घर दुमजली, धाकट्याचं बैठं. मधे भिंत आणि भिंतीला लागून थोरल्यानं लावलेली कोनोकार्पसच्या झाडांची गच्च रांग. येणारेजाणारे मला म्हणतात, काय हिरवंगार केलंय हो तुमच्या भावानं, बीडच्या असल्या उन्हात! मी त्यांना काही सांगत बसत नाही. ज्याला सांगायचं त्याच्या तोंडावर सांगून झालंय माझं, आणि त्याचा काडीचा उपयोग झालेला नाही.

वडिलांची जमीन गावाच्या कडेला होती. शहर सरकत सरकत तिथवर आलं, जमीन एनए झाली, प्लॉट पडले आणि रस्त्याकडचे दोन प्लॉट भावांनी स्वतःला ठेवले. मी हक्कसोड लिहून दिला. आमच्याकडं बहिणी देतातच. जी देत नाही तिचं माहेर संपतं. मला आष्टीला दिलेली. वर्षातून दोन-तीनदा यायचं, साडी घ्यायची, चहा प्यायचा, गोड बोलायचं आणि जायचं. गोड बोलणं मला कधी जमलं नाही, बाकीचं सगळं केलं.

माय थोरल्याकडं राहिली, कारण थोरला पुढारी. पुढाऱ्याच्या घरात म्हातारी आई लागते. आलेला माणूस आधी तिच्या पाया पडतो, मग आत जाऊन काम सांगतो. थोरल्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर त्याच्या डोक्याच्या वर गोल करून मायचा फोटो असायचा, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. फोटोत ती घाबरलेली दिसायची. फोटोवाल्यानं मान वर करा म्हटलं होतं, तिनं जरा जास्तच वर केली होती.

नगरपालिकेच्या इलेक्शनमध्ये धाकटा समोरच्या पार्टीच्या स्टेजवर जाऊन बसला. त्याचं खताचं-औषधाचं दुकान आहे, त्याला गिऱ्हाईक सांभाळायचं होतं, एवढंच. पण थोरला पडला. पडला तो स्वतःच्या करणीनं, सगळ्या वॉर्डाला माहीत होतं, पण घरी आल्यावर त्याला भाऊच दिसला. त्या दिवसापासून बोलणं बंद. मायला त्यानं जेवायच्या ताटावर सांगितलं, की तिकडं पाय ठेवलास तर तिकडंच राहायचं, परत माझ्या दारात यायचं न्हाई. माय तिकडं गेली नाही. धाकटाही तिला न्यायला कधी आला नाही. मी त्याला शिव्या घालायची तर माय त्याची बाजू घ्यायची. म्हणायची, त्याला थोरल्याचं भ्या वाटतं, बारीक होता तवापासून वाटतं.

पहिल्यांदा थोरल्यानं भिंतच चढवली. मधली भिंत कमरेच्या जरा वर होती, ती त्यानं पुरुषभर उंच केली. धाकट्यानं नगरपालिकेत अर्ज दिला, की माझ्या बाजूचं वारं बंद झालंय, भिंत नियमाच्या बाहेर हाय. माणसं आली, टेप लावला आणि पुढाऱ्याच्या भिंतीच्या वरच्या विटा पुढाऱ्यालाच काढायला लावल्या. गल्ली बघायला उभी. थोरल्याचं नाक कापलं गेलं ते कायमचं. त्याच संध्याकाळी नगरपालिकेचा एक इंजिनियर, थोरल्याच्याच कृपेनं चिकटलेला, चहाला आला. त्यानं कपातला चहा बशीत ओतता ओतता सांगितलं, "दादा, भिंतीला उंचीचा नियम हाय. झाडाला न्हाई."

उलट झाडं लावायचाच नियम आहे म्हणाला. बांधकाम परवान्यात लिहिलेलं असतं, बाजूच्या मोकळ्या जागेत एवढी झाडं लावा म्हणून, कोण लावतं? तुम्ही लावा, फोटो काढा, आम्हीच शाबासकी देऊ. आठ दिवसांत टेम्पो आला. नर्सरीवाल्यानं कोनोकार्पस सुचवलं, परदेशी झाड, वाढायला उशीर करत नाही, शेळी तोंड लावत नाही, खालपासून वरपर्यंत दाट. थोरल्यानं झारी घेऊन फोटो काढले. फेसबुकवर टाकले. खाली शे-दोनशे लोकांनी हात जोडले.

आता मायचं सांगते. तिची बसायची जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची पायरी. तिथून जुन्या भिंतीवरून धाकट्याचं अंगण दिसायचं. त्याचा नळ, त्याचं धुणं, नातीची वेणी घालणं. धाकटा पन्नाशीला आला तरी अंगणात दगडावर बसून अंघोळ करायचा, आणि ही इकडं बसून पुटपुटायची, कानाच्या मागं धू की रं, मेल्या. त्याला ऐकू जायचं नाही. तो टॉवेल गुंडाळून आत गेला की माय उठायची आणि भाकरीला बसायची. एवढंच होतं तिचं. तिकडं जायला बंदी होती, बघायला बंदी नव्हती.

आणि थोरल्याला हे पक्कं ठाऊक होतं. झाडं धाकट्यासाठी नव्हतीच, मायच्या डोळ्यांसाठी होती. उन्हाळ्यात घरातल्या बायकांना अंघोळीला पाणी मोजून मिळायचं, टँकर वेळेवर आला तर आला, पण झाडांच्या बुडाला ठिबकची नळी टाकलेली. आलेल्या माणसांना सांगायचा, मायला सावली पाहिजे म्हणून लावलीत. लोक म्हणायचे, आईचं किती करतो बघा.

वर्षात झाडं भिंतीच्या वर गेली, पुढच्या वर्षी स्लॅबला टेकली. माय जागा बदलत गेली. आधी वरच्या पायरीवर बसायची, मग पाट घेऊन परसातल्या नळाशी, मग भिंतीच्या कोपऱ्यात, जिथं एक रोप जगलं नव्हतं आणि हातभर फट राहिली होती. त्या फटीतून तिला दगड दिसायचा आणि धाकट्याची पाठ. महिनाभर तिचं तिथं बरं चाललं. मग थोरल्या वहिनीनं बघितलं आणि नवऱ्याला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या फटीत चांगलं उंच वाढलेलं झाड आणून लावलं. मी त्या पंचमीला गेले होते. थोरल्याला विचारलं, की तुला लाज कशी वाटत नाही. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "तिला तो बघायचाय ना? मग तिकडंच जाऊन बस म्हणावं. भाकरीबी तिकडंच खा म्हणावं."

माय आतून ऐकत होती. तिला तिकडं कोण जेवायला घालणार होतं, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

भाऊबीजेला मी आधी थोरल्याला ओवाळायची, मग रस्त्यावरून वळसा घालून धाकट्याकडं जायची. परत आले की माय मला स्वयंपाकघरात ओढायची. वाळलाय का? केस किती पिकले? पोरगी कुणावर गेली? मी रागानं काहीबाही सांगायची, चांगला बैल झालाय म्हणायची. तिला तेवढ्यानंही बरं वाटायचं, म्हणजे खातोय चांगलं.

त्या पंचमीनंतरच्या दिवाळीच्या आधी तिनं फोनवर सांगितलं होतं, येताना हिंग आण, वासाचं आण. मला वाटलं लोणच्याला. भाऊबीजेच्या दुपारी घर झोपलं तसं तिनं मला मागच्या दाराशी नेलं. पदराखाली लोखंडी सळई होती. तेव्हा कळलं. आमच्या खेड्यात भावकीच्या भांडणात असंच झाड मारायचे, बुंध्याला भोक पाडायचं, हिंगाचा खडा कोंबायचा आणि वरून शेणानं लिंपायचं. लोकांचे आंबे असे गेलेत. माय झाडाची फांदी ओरबाडणाऱ्या पोरांना धपाटे घालणारी बाई. आणि ती दात खाऊन सळई फिरवत होती. मी हिंग कोंबलं. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. वय झालेल्या दोघी बायका घामाघूम होऊन झाडं मारतोय आणि हसू आवरत नाही. सगळ्या परसात आमटीला फोडणी दिल्यासारखा वास सुटला होता. थोरली वहिनी उठून विचारायला लागली, काय शिजतंय गं? माय म्हणाली, काय न्हाई, तुजं नाक चोंदलंय.

पण परदेशी झाडाला आमचं हिंग कुठलं माहीत? चार-दोन पिवळी पडली, पानं गळली, बाकीची जोमात. माय रोज उठून बघायची. तिला आशा होती, की एक तरी वाळेल आणि तेवढी फट पडेल.

थोरल्यानं पिवळी झाडं बघितली, बुंध्याची भोकं बघितली आणि त्याला आनंद झाला. असा आनंद तो मागं इलेक्शन जिंकला तेव्हाही मी बघितला नव्हता. त्यानं सरळ तक्रार दिली, की शेजारी राहणाऱ्या औषध दुकानदारानं तणनाशक टोचून झाडं मारली. झाडं मारणं हा गुन्हा. आणि दुकानदारानं दुकानातलं औषध वापरून गुन्हा केला, तर दुकानाचं लायसनही अडचणीत. मायला हे वहिनीच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. तिनं मला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, ये. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसले.

नगरपालिकेचे साहेब आले तेव्हा मी पोचले होते. थकलेला, बरा माणूस होता. परसात खुर्ची टाकून त्यांनी पंचनामा सुरू केला. गल्ली पुन्हा गोळा. थोरला बोलत होता, तणनाशकाचं नाव सांगत होता, भोकं दाखवत होता. झाडांच्या पलीकडून धाकट्याचा आवाज आला, की मी न्हाई केलं, माझ्या पोरीची शप्पत. आवाज कापत होता. माय आतून बाहेर आली आणि साहेबांच्या समोर उभी राहिली.

"हिंग म्या घातलंय. त्यानं न्हाई."

थोरला हसला. साहेबांना म्हणाला, मनावर घेऊ नका, वय झालंय, सकाळी जेवली का न्हाई ते दुपारी आठवत न्हाई तिला. वहिनीनं मान डोलावली. आणि मायला त्या घरातल्या प्रत्येकाची भूक पाठ होती, कुणाला दीड भाकरी लागते आणि कुणाला कडक लागते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पुढं होऊन सांगितलं, हिंग मी आष्टीहून आणलंय, दुकान दाखवते, चला. साहेबांनी पेनाच्या टोकानं भोक उकरलं, बोट नाकाशी नेलं आणि मान हलवली. हिंगच होतं. लोक हसले. मला वाटलं, जिंकलो.

साहेब उठले, रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, वर बघितलं. मग थोरल्याला म्हणाले, की झाडं लावायचा नियम आहे हे खरं, पण भिंतीला इतकी चिकटून, अशी पडद्यासारखी नाही लावायची. मुळं शेजाऱ्याच्या हौदात जातात, ऊन अडतं. शेजाऱ्यानं हरकत घेतली तर भिंतीच्या उंचीपर्यंत छाटायला मी आजच लिहितो. माणसं उद्या येतील.

मायनं माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला, तोंड पुसलं. उद्या झाडं उतरणार होती आणि ही आत्ताच तयार होत होती. साहेबांनी झाडांच्या पलीकडं तोंड करून मोठ्यानं विचारलं, तुमची हरकत आहे का? आहे म्हणा, की लिहून घेतो.

पलीकडून आधी बाईची कुजबुज ऐकू आली. मग धाकटा बोलला.

"न्हाई. माझी हरकत न्हाई. राहू द्या झाडं."

साहेबांना वाटलं घाबरलाय. त्यांनी समजावलं, की कुणाला भ्यायचं कारण नाही, नियम तुमच्या बाजूनं आहे. धाकटा म्हणाला, भ्यायचा प्रश्न न्हाई साहेब. आता त्याचा आवाज कापत नव्हता. "बरं हाय असंच. म्हातारी दिसभर हिकडं बघत बसायची. अंघोळ करा, जेवा, कायबी करा, हिचे डोळे हायेतच. माझी बायको कटाळली होती. आता कुटं जरा मोकळं वाटतंय आमाला."

म्हातारी म्हणाला तो. जिनं आत्ता त्याचं दुकान वाचवलं तिला.

थोरला खदखदून हसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं झाडांपलीकडं हाक मारली, म्हणाला, हे आधी सांगायचं की बे, मी आणखी चार लावली असती. आणि पलीकडून धाकटाही हसला. माझे दोघे सख्खे भाऊ, झाडांच्या दोन्ही बाजूंनी, एकाच वेळी हसत होते. मी दोघांचा मुर्दा बसवला, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, त्या मलाच लागत होत्या तरी दिल्या. कुणी ऐकल्या नाहीत.

मायनं माझं मनगट सोडलं. साहेब कागदावर लिहीत होते, शेजाऱ्याची हरकत नाही. ती हळूहळू त्यांच्या खुर्चीपाशी गेली आणि डाव्या हाताचा अंगठा पुढं केला.

"माझीबी न्हाई म्हणून लिवा," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्या अंगठ्याकडं बघितलं, मग कागदाची घडी घातली. म्हणाले, आजी, तुमचं लागत नाही. तुमच्या नावावर इथं काहीच नाही.