कार्डावरचं कुंकू

शिक्षण संपल्यावर इथे परदेशात नोकरी करण्याची परवानगी देणारं माझं कार्ड आज टपालाने आलं. उद्या कामावर रुजू व्हायचंय. कार्ड नसतं तर नोकरी हातची गेली असती. फोनवरून आई म्हणाली, "आधी देवापुढे ठेव गं, कुंकू लाव." मायक्रोवेव्हवरच्या गणपतीपुढे ठेवून मी कुंकू लावलं, तर बोट नेमकं मुदत संपण्याच्या तारखेवर टेकलं. एकच वर्ष! मन जरा खट्टू झालं.

मग आठवलं, आई दर पाडव्याला नवं पंचांग असंच पूजते. तेही वर्षभराचंच. पण ते संपणार म्हणून ती कधी हळहळली नाही. उघडून आधी यंदा गणपती कधी येतात तेच बघते.

मी उद्याच्या डब्यासाठी भेंडी चिरायला घेतली. तारखेवरचं कुंकू पुसलं नाही.