शेगडीजवळचा व्हिओला

देझो बाचीला स्वरलिपी वाचता येत नाही. आमच्या गावात ही गोष्ट चारचौघांत बोलायची नसते. रविवारच्या मैफलीला येणारी निम्मी माणसं लिपीचं पुस्तक मांडीवर उघडून बसतात आणि परीक्षेचे पेपर तपासल्यासारखी मान हलवतात. देझो बाची आयुष्यभर शेगड्या बांधत आला, चिनी मातीच्या फरशांच्या, छताला टेकणाऱ्या, थंडीत अख्खी खोली गरम ठेवणाऱ्या. बाची तो सगळ्यांचाच. इथे साठी ओलांडली की माणूस अख्ख्या गावाचा काका होतो. सांस्कृतिक केंद्रातली हिरवी शेगडी त्याच्याच हातची, आणि ती दुसऱ्या कुणाला दाद देत नाही, म्हणून बावीस वर्षं प्रत्येक मैफलीत तिला लाकूड घालायला तोच बसतो.

त्यातून एक भानगड झाली. मैफलीत वादक चार: दोन व्हायोलिन, एक चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं खर्जातलं मोठं वाद्य, आणि एक व्हिओला. व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगाने भरलेली, आवाजाने खालची, आणि घरातल्या थोरल्या बहिणीसारखीच कुणाच्या लक्षात न येणारी. तिची खुर्ची उजव्या टोकाला, नेमकी शेगडीपाशी. म्हणजे देझो बाचीने बावीस वर्षं व्हिओला हातभरावरून ऐकला आणि बाकीचे तिघे त्याच्या पलीकडून. एकदा त्याने ओळखीची रचना रेडिओवर ऐकली, तेव्हा रेडिओ केंद्राला फोन करून कळवलं, की तुमचा मुख्य वादक आज आलेला दिसत नाही.

मैफलीआधी श्रोत्यांना एक पत्रक वाटतात: काय वाजणार, कसं ऐकायचं. ते आमचे जुने मुख्याध्यापक लिहायचे. ते वाचून माणूस शहाणा व्हायचा आणि मैफलभर काही ऐकू यायचं नाही. गेल्या हिवाळ्यात ते मुलीकडे राहायला गेले, आणि देझो बाचीने संगीत मंडळाच्या अध्यक्ष एतेल्का नेनींकडे ते काम मागितलं. नेनी म्हणजे मावशी, बाचीसारख्याच त्याही सगळ्यांच्या. संगीताच्या शिक्षिका, आम्हा सगळ्यांना त्यांनी पट्टीच्या तालावर शिकवलेलं.

"देझो, तुला लिपी येत नाही."

"ऐकायला येणाऱ्यांपैकी कितींना येते?"

"सगळ्यांना," नेनी म्हणाल्या.

"मग पत्रक छापता कशाला?"

नेनींनी एक संधी दिली, पण अटीवर. मध्यंतरात त्या कुणाही तिघांना विचारणार, की व्हिओला काय करत होता. तिघांना सांगता आलं तर पत्रक कायमचं त्याचं. नाही तर त्याने लाकडंच घालावीत.

रचना होती अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका दरबारी संगीतकाराची. पत्रकाच्या ऐंशी प्रती मीच काढल्या, म्हणून मजकूर पाठ आहे. 'तीन मिनिटांनी सगळं थांबल्यासारखं होईल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. वादक विसरलेले नाहीत, तसंच लिहिलेलं आहे. पहिल्या वेळी व्हायोलिनच्या मागे जा, सगळेच जातात. दुसऱ्या वेळी शेगडीकडे बघा. तिथे तीनच सूर पुन्हा पुन्हा घासले जात असतील. ते थांबले तर बाकीचे तिघे कुठे पडतील, एवढंच बघा.'

बुडापेस्टहून आलेल्या चौघांनी दुसरी वेळ वाजवलीच नाही. तीन मिनिटं झाली आणि ते सरळ पुढे गेले. लिपीवाल्यांनी तीन पानं भराभर उलटली. बाकीच्यांनी पत्रकाची मागची बाजू पाहिली; ती कोरी होती. देझो बाची हातात लाकूड धरून तसाच बसला.

मध्यंतरात नेनींनी दंतवैद्याला विचारलं, वनरक्षकाला विचारलं. दोघंही व्हायोलिनबद्दलच बोलले. मग बेकरीवाली पिरोश्का. "मी दुसऱ्या वेळेसाठी थांबले होते हो नेनी," ती म्हणाली, "ती आलीच नाही." नेनींनी पत्रकाची घडी घालून पर्समध्ये टाकली. शाळेत नापास करताना त्या उत्तरपत्रिकेचीही अशीच घडी घालत.

देझो बाची खारी बिस्किटं घेऊन वादकांच्या खोलीत गेला. मला वाटलं भांडेल. चेलोवाल्याने सांगितलं, की सव्वासातची गाडी गाठायची होती म्हणून पुनरावृत्ती गाळली. बाची म्हणाला, गाडी महत्त्वाचीच. मग तो व्हिओला वाजवणाऱ्या शारोल्ताकडे वळला.

"दुसऱ्या वेळी तू तेच वाजवतेस?"

"सूर तेच असतात, बाची."

"ते कळलं गं. पण तेच असेल तर दोनदा कशाला? आणि तेच नसेल, तर काय बदलतं?"

शारोल्ताने चेलोवाल्याकडे पाहिलं. त्याने बिस्किट तोंडात टाकलं.

मैफल संपली आणि आमच्याकडच्या त्या टाळ्या सुरू झाल्या: सगळं दालन एका ठोक्यात, वादक परत येईपर्यंत न थांबणाऱ्या. चौघे परत आले. घड्याळात सात वाजले होते, स्टेशन पंधरा मिनिटांवर. आपसात जरा कुजबुज झाली, चेलोवाल्याने मान हलवली नाही, पण बसला. शारोल्ता म्हणाली, "पहिल्या भागाची दुसरी वेळ आमच्याकडे राहिली आहे. ती आता वाजवतो."

व्हायोलिन सुरू झालं आणि साठ-सत्तर माना एकदम उजवीकडे वळल्या. शेगडी धुरावतेय की काय म्हणून पहिल्या व्हायोलिनवाल्यानेही एकदा तिकडे पाहून घेतलं. सूर घासले जात होते, खालून, न थकता. मध्येच ते थांबले, क्षणभरच, आणि पिरोश्काने समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

नेनींचं पुस्तक मांडीवर उघडं होतं, पण त्या पुस्तकात बघत नव्हत्या. बाहेर पडताना त्या शेगडीपाशी थांबल्या.

"तीन नाहीत, चार सूर आहेत ते."

"मला तीनच ऐकू येतात," देझो बाची म्हणाला.

"मार्चचं पत्रक पंधरा तारखेपर्यंत दे."

वादकांची गाडी अर्थातच गेली. प्रत्येक खेड्यात थांबणाऱ्या साडेआठच्या गाडीने ते गेले. देझो बाची आता पत्रक लिहिण्याआधी वादकांना कार्ड टाकतो: एकदा की दोनदा, लेखी कळवावे. दोनदा कशाला, याचं उत्तर मात्र त्याला अजून मिळालेलं नाही. शारोल्ताचं एक पत्र आलं होतं, त्यात तिनेच उलट त्याला दोन प्रश्न विचारले आहेत.