पहिला रहिवासी

ओहायोतल्या एका टेकडीवर माझ्या नवऱ्याच्या पूर्वजाची कबर आहे. दगडावर ‘इथला पहिला रहिवासी’ असं कोरलंय. माझ्या अमेरिकन सासूबाई दर उन्हाळ्यात तो दगड घासूनपुसून लख्ख करतात. यंदा मी कचेरीतून त्या पूर्वजाच्या जमिनीचा जुना कागद शोधून आणला आणि कबरीपाशीच त्यांना वाचून दाखवला. हद्द लिहिली होती, ओढ्यापासून आदिवासींच्या जळालेल्या मक्याच्या शेतापर्यंत.

“शेत कुणी जाळलं?” मी विचारलं.

“तू आमच्यातली नाहीस. तुला नाही कळायचं,” म्हणत त्यांनी कागद पर्समध्ये कोंबला.

आधीच्यांना माणसांत धरलं नाही, की कुणालाही पहिलं होता येतं. मला त्या मेलेल्या माणसाचा संताप आला. त्याहून जास्त संताप याचा, की माझी लेक त्यांच्यातली आहे आणि तिला हे मलाच सांगावं लागणार आहे.