ओल्या मुठीतल्या दोन तारा

सही करताना माझी जीभ बाहेर येते, अन् मी म्हणतो मला ट्रान्झिस्टर कळला. लोक हसत्यात. कळला हे खरं हाय, पर शिकून न्हाई. भिऊन.

आमच्या विहिरीला पाणी दमानं येतं. अर्धा तास मोटर चालली की बूड दिसतं, मग भरायची वाट बघायची. मला बसायचा कटाळा न्हाई, उठून बटन दाबायचा लई कटाळा. म्हणून नेकनूरच्या एका टीव्ही मिस्तरीकडून डबी करून आणली. तिच्या दोन तारा विहिरीत सोडायच्या. पाणी चढून दोन्हीला लागलं की मोटर आपोआप चालू. आत हरभऱ्याएवढा, तीन पायाचा ट्रान्झिस्टर.

"एवढासा किडा मोटर चालू करतो व्हय?"

मिस्तरी म्हणला, "पिकाला पाणी देताना दारं धरतो ना तू? दांडाचा चिखल बोटानं उकरला की सगळं पाणी वाफ्यात घुसतं. जोर बोटाचा न्हाई, पाण्याचा. ह्याचं तसंच. एका पायाला चिमटीभर करंट दे, बाकीच्या दोन पायांतून मोठा सुटतो. तो खटका वढतो, खटका मोटर चालू करतो."

मग त्यानं बोटाला थुका लावून दोन्ही तारांवर ठेवलं. आत टक वाजलं. "बघ, वल्या बोटातूनबी चिमटीभर जातो."

मी म्हणलं, "मग आमच्या पारावरच्या तंबाखूवाल्यांच्या थुक्यावर सगळा तालुका भिजंल." हसलो अन् विसरलो.

उन्हाळ्यात मोटर गाळात रुतली. मेव्हणा आलता, तोच उतरला. मोटर पाण्यातली, तिच्या वायरीला चार ठिकाणी मीच चिकटपट्टी मारलेली. माणूस उतरायच्या आधी तिन्ही फ्यूज काढायचे, ही आमच्याकडची रीत. पर फ्यूजला हात लावायचं मला लई भ्या. म्हणलं, पाणी गुडघ्याएवढं, डबीच्या तारा पाण्याच्या वर हायेत, लाईटबी गेलेली. कशाला काढायचे?

"दाजी, फ्यूज काढले का?"

"काढले," म्हणलं.

थोड्या वेळानं विहिरीवरच्या पेटीत, जिथं फ्यूज अन् डबी बसवलेली, टक झालं. मला वाटलं पाल. वाकून बघितलं तर तारा मधी येत्यात म्हणून मेव्हण्यानं दोन्ही एका वल्या मुठीत धरलेल्या. मिस्तरीचं वलं बोट आठवलं. डबी चालायची मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीवर, लाईट नसली तरी. खटका तर बसला, आता नुसती लाईट यायची बाकी, की चिकटपट्टीच्या वायरीतून करंट पाण्यात.

"तारा सोड! वर ये!"

"दाजी, मागल्या खेपंला साप हाय म्हणून असंच वर काढलंतं."

"आईच्यान खरं हाय!"

"सापबी आईच्यानच व्हता." अन् मूठ वर करून तारा हलवल्या.

"आरं, फ्यूज काढलेच न्हाईत! खोटं बोललो!"

त्यावर तो अजूनच हसला. जन्मभर गम्मत केली, अन् खरं बोलायच्या वक्ताला माझ्याजवळ खरं वाटंल असं तोंडच न्हाई.

पेटीकडं पळालो. हाताला टॉवेल गुंडाळला, डोळे मिटले, पहिला वढला. मेलो न्हाई. दुसरा. तिसऱ्याला इतका हिसका दिला की फ्यूज निघायच्या आधी टॉवेल निघाला. उघड्या हातानंच वढला.

मग तिथंच बसलो. बिडीला काडी पेटंना. चौथी काडी वढली अन् पेटीवरचा लाल दिवा लागला. लाईट आली.

मी कठड्यावर जाऊन तिन्ही फ्यूज त्याला दाखवले. मेव्हण्याचं हसू तिथंच मेलं. त्यानं तारा हळूच सोडल्या, वर आला, तडक घरी गेला.

आता तो आला की विहिरीकडं बघायच्या आधी हात पुढं करतो. "दाजी, फ्यूज." मी तिन्ही देतो. तो मोजतो, खिशात घालतो, मग उतरतो.

त्यावर मला अजून एकबी गम्मत सुचली न्हाई.