बापाच्या घरी पदर

पंचवीस-तीस पदर एकदम डोक्यावर जातात तेव्हा होणारा आवाज तुम्ही कधी ऐकला आहे का? मी तो लहानपणी दर रविवारी ऐकत असे. मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, घंटा वाजली की पायऱ्यांवर रंगलेल्या गप्पा जिथल्या तिथे तुटत, आणि दारातून आत पाऊल टाकताना बायकांचे हात खांद्यामागे जात. भाताच्या पेजेची खळ दिलेल्या सुती लुगड्यांची ती सळसळ! कापणीला आलेल्या धानातून वारा जावा तशी कोरडी, हलकी, क्षणभर उठून विरून जाणारी. तिच्या मागोमाग वितळत्या मेणाचा वास येई, आणि मग सगळं शांत. आई जाऊन चार महिने झाले. तिचा आवाज आठवायला बसले की आधी हा आवाज येतो, आणि गंमत अशी, की या आवाजात आईचा पदर पुष्कळ वर्षं नव्हताच.

आमचं मिशन साकोलीच्या थोडं आतल्या बाजूला, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध होतं. एक दवाखाना, मुलींचं वसतिगृह, सिस्टरांचं बैठं घर आणि कौलारू चर्च. ख्रिस्ती घरं फार तर पंधरा-सोळा. दवाखान्यातल्या केरळच्या नर्सबाया केसांवर पांढरी जाळीदार ओढणी टाकत, बाकी साऱ्याजणी लुगड्याचा पदर घेत. डाव्या हाताच्या सतरंज्यांवर बायका, उजव्या हाताच्या सतरंज्यांवर पुरुष. बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते. ते मागच्या भिंतीला टेकून बसत. आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, अगदी पुढे, त्यांना मागचं काही दिसत नसे. आणि डावीकडच्या त्या पांढऱ्या, निळ्या, हळदी रंगांच्या झाकलेल्या डोक्यांमध्ये एकच डोकं उघडं असे. मधोमध सरळ भांग, तेल लावून चापून बसवलेले केस, मानेवर घट्ट अंबाडा. माझी आई.

ती काही बंडखोर बाई नव्हती. घरात तिच्या डोक्यावरून पदर कधी ढळत नसे. आजोबा ओसरीवर असले तर ती चुलीपुढेही पदर सावरून बसे. चर्चकडे निघतानाही आजोबा पुढे आणि पदर घेतलेली आई दहा पावलं मागे, असंच आम्ही चालत जायचो. पण चर्चची पायरी आली, साऱ्या बायकांचे पदर वर चढू लागले, की आईचा पदर हलकेच खाली उतरे. सगळ्या झाकत तिथे ती उघडी होई. असं उलटं का, हे कळायला आमच्या झाडीपट्टीतली एक साधी रीत ठाऊक हवी. पदर घ्यायचा तो सासरी. सासरा, भासरे म्हणजे थोरले दीर, गावातली मोठी माणसं यांच्यापुढे. माहेरी आलेली लेक गावाच्या शिवेत शिरली की पदर खांद्यावर टाकते, बापाच्या अंगणात डोकं झाकलं तर बापच म्हणतो, "काहून वो, मी का तुहा सासरा हावो?" उघडं डोकं हा तिथे उद्धटपणा ठरत नाही, ती लेकीची मिरास असते.

चर्चमधल्या बायकांना मात्र हे पटायचं नाही. "पाय ना वो, कशी महाराणीवानी बसली," असं मागच्या रांगेतून कुजबुजलेलं मी ऐकलेलं आहे. शेवटी एका रविवारी मोठ्या सिस्टरांनी आईला दारातच थांबवलं. सिस्टर केरळच्या, मनाने अतिशय प्रेमळ, आणि मराठी त्यांची त्यांनीच बनवलेली.

"बाई, देवाच्या घरात डोका झाकायचा असतो. सगळा बायका झाकते, तू का नाही?"

आईने मान खाली घालून विचारलं, "सिस्टर, फादर म्हंजे काय जी?"

"फादर म्हणजे... बाप."

"आन देवाले आपुन काय म्हनतो?"

"तो पण बाप. आपला सगळ्यांचा बाप."

"मंग दोन-दोन बाप समोर असताना लेकीनं पदर कायले घ्यावं जी?"

आतून म्हाताऱ्या फादरांच्या हसण्याचा आवाज आला. ते झगा चढवत होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. "राहू द्या सिस्टर," ते म्हणाले, "इथे बारा वर्षं मला फादर म्हणतात सगळे. खरोखर बाप समजणारी ही पहिली."

शिकलेल्या माणसाला ही एका शब्दाची गफलत वाटेल. कुण्या प्रेषिताने कुठल्या दूरच्या शहरातल्या बायकांना घालून दिलेला नियम, समुद्र ओलांडून, शतकं ओलांडून धानाच्या बांध्यांत येतो. आणि तिथे एक निरक्षर बाई त्याला माहेर-सासरच्या तराजूत घालते! पण गफलत तरी कशी म्हणू? रोज सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकून ज्याला आपण बाप म्हणतो, त्याला त्या हाकेसारखं वागवणारं त्या सतरंजीवर आईखेरीज कोण होतं?

आणि तिला तो बाप हवाच होता. तिचं माहेर एकोडीचं. धान पेरणारं, मारुतीला नारळ फोडणारं घर. तिच्या आईला घेऊन ती मिशनच्या दवाखान्यात यायची. तिथे औषधाच्या बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवणारे बाबा तिला भेटले. लग्न चर्चमध्ये झालं, आणि एकोडीच्या बापाने सांगून टाकलं, की आजपासून या दाराची वाट तुला नाही. धाकटा भाऊ तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. तो रडला म्हणे, पण बापापुढे त्याचं काय चालणार? एकोडी आमच्यापासून फार लांब नव्हती. सायकलने सहज जाण्याजोगी. तरी आई तिकडे कधी गेली नाही. अक्षय्य तृतीयेला गावातल्या साऱ्या सुना माहेरी जात, वसतिगृहातल्या मुलींनाही घरून न्यायला येत, आणि आई त्या दिवशी हमखास चर्च सारवायला घेई. "कोठी जाऊ? माहं माहेर त हेच हाये," ती म्हणे. तेव्हा मला तो विनोद वाटायचा.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला मला चार महिने लागले.

मी नऊ वर्षांची असताना माझा पहिला ख्रिस्तप्रसाद होता, मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घ्यायचा दिवस. पांढरा झगा, डोक्यावर सिस्टरांनी दिलेली पांढरी जाळी, हातात मेणबत्ती. आदल्या आठवड्यात वसतिगृहातल्या मुली माझ्याभोवती जमल्या होत्या. एकजण म्हणाली, "तुह्या मायले नऊवारी परवडत नाई का वो? पदर डोक्यापर्यंत पुरत नाई वाटते!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले, आणि मग घरी येऊन रडले. त्या रविवारी सकाळी माझ्या वेण्या घालणाऱ्या आईला मी म्हटलं, "आज तू पदर घे. नाही तर मी तुझ्याजवळ बसणार नाही."

आईचे हात थांबले. "कोनी काही म्हनलं का?"

"पोरी हसतात."

"बरं," ती म्हणाली, आणि वेणीची रिबीन बांधली.

त्या दिवशी चर्चच्या पायरीवर तिने इतर बायकांसारखा पदर घेतला. भांग दिसेनासा झाला. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! ती माझ्या शेजारी बसली, सगळ्यांच्या आईसारखी आई. मोठ्या सिस्टरांनी दुरून समाधानाने मान हलवली. म्हातारे फादर वेदीवरून वळले, त्यांची नजर आईवर क्षणभर थांबली, आणि त्यांनी ती काढून घेतली. मला वाटलं होतं, एका दिवसाचा प्रश्न आहे. पण पुढच्या रविवारीही तिने पदर घेतला, आणि त्याच्या पुढच्याही. मी पुन्हा कधी काही म्हटलं नाही, तिनेही नाही. मुलाने एकदा मागितलेली गोष्ट आई आयुष्यभर देत राहते, आणि मुलाला आपण काय मागितलं होतं याची आठवणसुद्धा राहत नाही!

पुढे मी शिकायला नागपूरला गेले. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये पाहिलं, तर कितीतरी बायका उघड्या डोक्याने बसलेल्या. नवलाने मी वाचनालयातली जुनी मासिकं चाळली. पदराची, ओढणीची सक्ती तर केव्हाच उरली नव्हती. आईला सिस्टरांनी दारात अडवलं, तेव्हाही ती सक्ती राहिली होती की नाही कोण जाणे! आमच्या मिशनपर्यंत ती बातमी कुणी आणलीच नव्हती. सुटीत घरी आल्या आल्या मी आईला सांगितलं. मला वाटलं, तिला आनंद होईल. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"म्हंजे मीच बरोबर होतो म्हन," ती हसली.

"मग आता नको घेऊस पदर."

सूप थांबलं नाही. "आता कसं होईन वो? इतक्या वर्सानं उघडी बसलो त लोक म्हनतील, बाईले काय झालं." मग तांदळाकडेच पाहत ती म्हणाली, "एकदा सून झाली का बाई मंग लेक नाई होत."

ती हे माझ्यावर रागावून म्हणाली नव्हती. म्हणून तर ते इतकं लागलं. एकोडीच्या बापाने तिचं एक माहेर बंद केलं. दुसऱ्याचं दार मी लावलं, नऊ वर्षांच्या हातांनी, रिबिनी बांधून घेता घेता. मला तिला परत लेक करायचं होतं. त्यानंतर प्रत्येक सुटीत, चर्चच्या प्रत्येक पायरीवर, मी तिच्या पदराकडे हात न्यायचे आणि मागे घ्यायचे. भरल्या चर्चसमोर आईचा पदर ओढायचा तरी कसा? पुस्तकं वाचलेल्या माणसाला शब्द पुष्कळ येतात, पण हात मात्र भित्रे राहतात.

यंदा धान निसवत असताना, लोंब्या धरायच्या दिवसांत, तिला ताप आला, आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. सिस्टरांनी तिला न्हाऊ घातलं, स्वच्छ लुगडं नेसवलं, केस विंचरले, आणि मग मोठ्या प्रेमाने डोक्यावर पांढरं वस्त्र बसवून दोन्ही बाजूंनी पिना लावल्या. आता मोठ्या सिस्टरही म्हाताऱ्या झाल्या आहेत. मी शेजारीच उभी होते. एवढंच म्हणायचं होतं, की सिस्टर, हे नको. ते माझ्याने म्हणवलं नाही. पेटी चर्चमध्ये नेली, वेदीपुढे ठेवली, आणि मी मनाशी म्हटलं, संपलं. आता ती कायमची सून म्हणून चालली.

मिस्सा सुरू व्हायच्या आधी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चपला हातात, धोतर पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेलं, डोक्याला दुपट्टा बांधलेला. "आत येऊ का जी?" त्याने कुणाला विचारलं कोण जाणे. बाबा उठून त्याच्याकडे गेले आणि त्याला हाताला धरून आत आणलं. एकोडीचे मामा. मी त्यांना जन्मात पहिल्यांदा पाहत होते, पण नाक आईचंच होतं.

पुरुषांनी कुठे बसायचं, डोकं उघडं करायचं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? ते बायकांच्या बाजूने सरळ पेटीपाशी गेले आणि उकिडवे बसले. तिच्या झाकलेल्या डोक्याकडे त्यांनी वाकून पाहिलं. मग त्यांचा आवाज आला.

"बाई, माह्यापासून पदर?"

ते पेटीतल्या थोरल्या बहिणीशी बोलत होते.

"मी का तुहा भासरा हावो का वो? तुहा लहान भाऊ हावो. बाबा होते तवरी आलो नाई, बाबा गेले तरी लाज वाटे म्हनून आलो नाई. पन म्हनून परका केला मले?" ते माझ्याकडे वळले. ही कोण, हे त्यांना सांगावं लागलं नाही. "पोरी, हे कायले झाकलं इचं? हे काढ ना बापा."

त्यांनी वस्त्राचं टोक ओढून पाहिलं. पिनांमुळे ते निघेना. त्यांच्या बोटांच्या पेरांत बांधीतला चिखल सुकलेला होता, आणि ती बोटं पांढऱ्या कापडावर गोंधळून थांबली होती. मग मी खाली बसले. डावीकडच्या दोन पिना काढल्या, उजवीकडच्या दोन काढल्या. ते वस्त्र मी मागे सारलं. सरळ भांग, चापून बसवलेले केस. मामांनी त्यांवरून एकदा तळहात फिरवला.

"आता कसं," ते म्हणाले. "आता आमची बाई दिसून रायली."

मामांना चर्चची रीत ठाऊक नव्हती. त्यांना फक्त बहीण ठाऊक होती. तिचं कोणतं माहेर त्या क्षणी उघडलं, एकोडीचं की हे कौलारू, ते मला सांगता येत नाही, आणि आईला विचारलं असतं तर तिला माझा प्रश्नच समजला नसता. मोठ्या सिस्टर दोन पावलं पुढे आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. नव्या, तरुण फादरांनी हातातलं पुस्तक उघडलं. आणि बायकांच्या बाजूला, डोक्याला दुपट्टा बांधून बहिणीच्या उशाशी बसलेल्या माझ्या मामांना तिथून उठा, असं कुणीच म्हणालं नाही.